अ‍ॅरिझोनातली गोल्फची सुट्टी, खिशाला परवडेल अशी

अ‍ॅरिझोनात गोल्फ खेळायला जायचं म्हटलं की बहुतेक जण आधी फीनिक्सलगतच्या स्कॉट्सडेलच्या रिसॉर्टचे दर बघतात आणि बेत तिथंच बारगळतो. आम्ही राहतो अमेरिकेच्या उत्तर भागात. इथं नोव्हेंबर आला की कोर्स, म्हणजे गोल्फची मैदानं, बंद होतात ते थेट वसंतातच उघडतात. मोठे दीर कधीपासून म्हणत होते, "एकदा वाळवंटात जाऊन खेळू या." दीर, जाऊबाई (मी त्यांना वहिनी म्हणते), नवरा आणि मी असे चौघं. दोघे भाऊ बरं खेळतात, मी मधली, आणि वहिनींनी नुकतीच सुरुवात केलेली. सगळं ठरवायचं काम मी अंगावर घेतलं आणि अट एकच घातली: कुणाच्याही क्रेडिट कार्डावर या सहलीचं ओझं पुढं राहता कामा नये.

पॅकेजच्या जाहिराती मी लवकरच बाजूला ठेवल्या. त्यांत हॉटेल, कोर्स, न्याहारी असं सगळं एकत्र बांधलेलं असतं, त्यामुळे कशाचे किती पैसे लागताहेत तेच कळत नाही. त्याऐवजी मी तिथल्या कोर्सचे दर महिन्यामहिन्याचे लिहून काढायला घेतले. लिहिता लिहिता लक्षात आलं की दर ठरतात ते गवतावर. एकदा ते समजलं की बाकीचं नियोजन आपोआप सरळ होत जातं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

तिथल्या फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, उन्हाळ्यात बर्म्युडा गवत असतं. ते कडक ऊन झेलतं, पण रात्री गार व्हायला लागल्या की झोपी जातं आणि पिवळटतं. हिवाळ्यात पाहुण्यांना हिरवागार कोर्स हवा, म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात बर्म्युडा बारीक कापून त्यावर राय गवताचं बी पेरतात. याला ओव्हरसीडिंग म्हणतात. बी रुजेपर्यंत कोर्स काही आठवडे बंद असतो आणि उघडल्यावरही बरेच दिवस गोल्फची छोटी गाडी (कार्ट) फक्त कडेच्या पक्क्या रस्त्यावरून न्यावी लागते. फेअरवेवर नेता येत नाही. म्हणजे दर शॉटला रस्त्यापासून बॉलपर्यंत चालत जा, हातात गोल्फच्या दोन-तीन काठ्या घेऊन. सगळे कोर्स एकाच वेळी पेरत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या असतात आणि बहुतेक जण त्या आधी जाहीर करतात. ऑक्टोबरातले स्वस्त दर दिसले की हे आधी तपासावं. दर कमी असण्यामागं तेच कारण असू शकतं.

मग हंगामाचं गणित. जानेवारी ते मार्च हा भर हंगाम. फेब्रुवारीच्या सुरुवातीला टीपीसी स्कॉट्सडेल या कोर्सवर फीनिक्स ओपन ही व्यावसायिक स्पर्धा असते, आणि त्याच महिन्यात कॅक्टस लीग सुरू होते. बेसबॉलचे 15 संघ सरावासाठी फीनिक्स परिसरात येतात, सोबत त्यांचे चाहतेही. हॉटेल, भाड्याची गाडी, टी-टाइम (खेळ सुरू करायची राखून ठेवलेली वेळ) सगळंच महागतं. टीपीसीच्या स्टेडियम कोर्सवर एका माणसाच्या एका फेरीला, म्हणजे 18 होलना, तेव्हा 300 डॉलरच्या वर मोजावे लागतात. दुसऱ्या टोकाला उन्हाळा. जून ते ऑगस्ट दर पार खाली येतात, पण पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो. पहाटे उजाडताच खेळ सुरू करून ऊन चढायच्या आत परत येणारे लोक तिथं आहेत. साठी ओलांडलेल्या दिरांना घेऊन मी तो विचारही केला नाही.

उरले दोन तुकडे. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उलटल्यापासून नाताळच्या आधीपर्यंतचा एक, आणि मेचा दुसरा. मेमध्ये दिवस मोठा आणि दर उतरणीला लागलेले, पण ऊन बऱ्यापैकी तापतं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राय नुकतं भरलेलं असतं, गाड्या फेअरवेवर जाऊ लागलेल्या असतात, आणि बर्फातून पळून येणाऱ्यांची मोठी लाट अजून यायची असते. आम्ही डिसेंबर धरला.

कोर्स निवडताना मी सरळ महापालिकांकडे वळले. याबद्दल माझं मत ठाम आहे: वाळवंटात पहिल्यांदा जाणाऱ्यानं निम्म्याहून जास्त फेऱ्या महापालिकेच्या कोर्सवर खेळाव्यात, पैसे असले तरीसुद्धा. कारण पाण्याचं आहे. अ‍ॅरिझोनात 1980 साली भूजलाचा कायदा आला आणि त्यानंतर फीनिक्स-टूसानसारख्या भागांत नव्या 18 होलच्या कोर्सला साधारण 90 एकर हिरवळीची मर्यादा पडली. त्यामुळे नंतरच्या कोर्सवर टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) फेअरवेपर्यंत मधे नुसतं वाळवंट असतं. बॉल हवेतून हिरव्या पट्ट्यावर टाकायचा, चुकला तर काट्यांत. दिसायला ते अप्रतिम, पण नवशिक्याचे बॉल आणि उत्साह दोन्ही संपवणारं. जुने सार्वजनिक कोर्स या मर्यादेच्या आधीचे. झाडं, रुंद फेअरवे, घरंगळत गेलेला बॉलही सापडतो. वहिनींसारख्यांना हेच हवं.

फीनिक्सचा पपागो हा त्यातला मानाचा. बिली बेल यांनी आखलेला, 1963 साली सुरू झालेला, भोवती तांबड्या खडकांच्या टेकड्या. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा संघ आता इथंच सराव करतो. महापालिकेचा असला तरी नाव मोठं असल्यामुळे बाहेरगावच्यांना तो अगदी स्वस्त पडत नाही. रहिवाशांचा दर वेगळा, पाहुण्यांचा वेगळा, आणि साइटवर पहिल्यांदा दिसतो तो बऱ्याचदा रहिवाशांचा. तुलना करताना आपला रकाना कोणता हे नीट बघायला हवं.

खरी बचत झाली ती टूसानमुळे. फीनिक्सपासून आय-10 महामार्गानं दोन तासांच्या आत पोचता येतं. शहराचे पाच सार्वजनिक कोर्स आहेत: रँडॉल्फ नॉर्थ, डेल युरिक, एल रिओ, सिल्व्हरबेल आणि फ्रेड एंकी. टूसान ओपन ही व्यावसायिक स्पर्धा 1945 साली पहिल्यांदा भरली ती एल रिओवर. फ्रेड एंकी वाळवंटी धाटणीचा आहे, म्हणजे ती चवही महापालिकेच्या दरात घेता येते. स्टेडियम कोर्सच्या एका फेरीच्या पैशात इथं दोन फेऱ्या होऊन वर पैसे उरतात. म्हणून सुट्टीचा मोठा भाग आम्ही टूसानला ठेवला आणि शेवटचा फीनिक्सला.

टी-टाइमचे दर आता विमानाच्या तिकिटासारखे हलतात. सकाळी आठ ते दहा सगळ्यात महाग, दुपारी उतरतात, आणि ट्वायलाइटला, म्हणजे दिवस कलल्यावर, आणखी खाली. पण डिसेंबरात तिथं सूर्य संध्याकाळी पाच-वीसच्या आसपास मावळतो. दोनला सुरू केलं तर 18 होल पुरे होत नाहीत. मी साडेअकरा-बाराच्या वेळा धरल्या: दर उतरायला लागलेला आणि फेरीही पूर्ण होणारी. सोमवार ते गुरुवार खेळायचं, शनिवार-रविवार फिरायचं. कोर्सच्या स्वतःच्या साइटवर बुकिंग केलं की वेळ बदलायची बहुधा सोय असते. मधल्या, म्हणजे दलालांच्या, साइटवर आकर्षक दर असतात, पण त्यातले पुष्कळसे आगाऊ भरायचे आणि परत न मिळणारे. चौघांपैकी एकाची पाठ धरली तर? म्हणून मी थोडे जास्त पैसे देऊन थेट कोर्सकडेच बुकिंग केलं आणि त्याचं मला समाधान आहे.

राहायला स्वयंपाकघर असलेलं दोन खोल्यांचं घर घेतलं. हॉटेलचे दर ठीक होते, पण रिसॉर्ट फी आणि पार्किंग धरल्यावर हिशेब फिरला. सकाळी घरी पोहे, डब्यात धपाटे, आणि रात्री कधी बाहेर मेक्सिकन. चौघांच्या जेवणात रोज जे वाचलं त्यातून पुढची एक चैन झाली, तिच्याबद्दल नंतर सांगते.

गाडीशिवाय इथं चालत नाही. फीनिक्सच्या विमानतळावरून स्काय ट्रेन फुकट आहे आणि डिसेंबर 2022 पासून ती भाड्याच्या गाड्यांच्या केंद्रापर्यंत जाते. मात्र तिथं गाडी घेतली की मूळ भाड्यावर विमानतळाचे आकार आणि अधिभार चढतात. जास्त दिवसांसाठी शहरातल्या एखाद्या शाखेतून गाडी घेणं स्वस्त पडू शकतं, फक्त दोन्हीकडची शेवटची रक्कम समोरासमोर ठेवून पाहावी. आमच्या तारखांना शहरातली शाखा स्वस्त निघाली. दोघं जण ट्रेननं आणि टॅक्सीनं जाऊन गाडी घेऊन आले, तोवर आम्ही दोघी सामानापाशी थांबलो. चार माणसं आणि गोल्फच्या पिशव्या साध्या सेदानमध्ये मावत नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

त्यावरूनच काठ्या न्यायच्या की तिथं भाड्यानं घ्यायच्या, हा प्रश्न आला. बहुतेक अमेरिकी विमान कंपन्या गोल्फची पिशवी साध्या चेक-इन बॅगेसारखीच धरतात, वजन 50 पौंडांच्या आत असलं तर. दर फेरीला संच भाड्यानं घेण्यापेक्षा ते कितीतरी परवडतं. दोघा भावांनी आपापल्या पिशव्या नेल्या आणि त्यांतच कपडे कोंबले. मी आणि वहिनींनी माझा एकच संच वाटून घेतला. मंद खेळाच्या भीतीनं दोघींनी एक संच वापरायला काही कोर्स परवानगी देत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारलं, आणि जिथं नाही म्हणाले तिथं वहिनींपुरता संच भाड्यानं घेतला.

टूसान समुद्रसपाटीपासून सातशेहून जास्त मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबरात तिथल्या पहाटे चांगल्याच गार असतात. रँडॉल्फवर एकदा आम्ही सरावासाठी लवकर पोचलो तर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पांढरं दहिवर गोठलेलं आणि सगळी माणसं कठड्यापाशी कॉफी घेऊन उभी. स्टार्टरनं, म्हणजे गट वेळेवर सोडणाऱ्या माणसानं, दिरांना शांतपणे समजावलं: पात्यातलं पाणी गोठलेलं असताना त्यावर पाय पडला तर पेशी फुटतात, आणि नंतर तिथं तपकिरी पाऊल उमटून राहतं. त्यांनी बोटानं पूर्वेकडची कड दाखवली. ऊन पोचलं होतं तेवढ्या पट्ट्यातलं गवत ओलं हिरवं, आणि सावलीची रेघ जिथं पडली होती तिथून पुढं पांढरं. ती रेघ सरकत सरकत होलमधल्या झेंड्याच्या काठीपलीकडे गेली तेव्हा पहिला गट सोडला. सकाळच्या सगळ्या वेळा तासाभरानं पुढं ढकलल्या गेल्या. दुपारची वेळ धरण्याचा हाही एक फायदा.

फ्रेड एंकीवर वहिनींचा बॉल वाळवंटात गेला आणि त्या तो आणायला दोन पावलं आत शिरल्या. चोया नावाचं एक निवडुंग तिथं असतं. दिसायला लुसलुशीत, पण नुसता स्पर्श झाला की अख्खा काटेरी गोळा तुटून चिकटतो. तो त्यांच्या बुटाच्या वरच्या मोज्याला लागला. हातानं ओढायचं नाही, बोटांत रुततो. माझ्या पिशवीत कंगवा होता, मी मुद्दाम नेला होता. गोळा आणि मोजा यांच्यामध्ये दात सरकवून झटक्यानं बाहेरच्या बाजूला उडवला, मग राहिलेले काटे चिमट्यानं काढले. वहिनी म्हणाल्या, "बॉल राहू दे तिथंच." तेच बरोबर आहे. 2019 च्या नियमांपासून कोर्सला वाळवंटी भागही लाल दांड्यांनी दंडक्षेत्र म्हणून आखता येतो. जिथं तसं आखलेलं असतं तिथं एक फटका दंड घेऊन कडेला ड्रॉप घ्यायचा, म्हणजे बॉल हातानं खाली टाकायचा, आणि पुढं व्हायचं. रॅटलस्नेक हे विषारी साप हिवाळ्यात फारसे बाहेर नसतात, तरी दगडाखाली, झुडपात हात घालायचा नाहीच. जुने, झिजलेले बॉल भरपूर न्यावेत. महाग बॉल इथं जीवाला घोर लावतात.

आता ती चैन. जेवणात आणि टूसानमध्ये वाचवलेल्या पैशांतून एक फेरी आम्ही वी-को-पाच्या सवारो कोर्सवर खेळलो. फोर्ट मॅकडॉवेल यावापाई या आदिवासी राष्ट्राच्या भूमीवरचा हा कोर्स बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आखला, 2006 साली सुरू झाला. कडेला घरं नाहीत. स्कॉट्सडेलच्या पुष्कळ कोर्सवर फेअरवेच्या दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या भिंती असतात, इथं मात्र फोर पीक्सच्या डोंगरापर्यंत सलग वाळवंट, आणि मधे सवारोचे उंच खांब. पहिला हात फुटायला या निवडुंगाला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागू शकतात. चालत खेळता येईल असा हा कोर्स आहे, म्हणून दोघे भाऊ चालले, आम्ही दोघींनी कार्ट घेतली. फेअरवे वाटतात त्यापेक्षा रुंद आहेत. वहिनींनी चौदाव्या होलच्या आसपास गुण मांडणं थांबवलं आणि नुसत्या खेळत राहिल्या. दिरांनी मात्र शेवटच्या ग्रीनपर्यंत कार्ड नीट भरलं आणि पार्किंगमध्येच मला विचारलं, "मेमधले दर कधी उघडतात गं?"

दर बघून ठेवलेत. मेमध्ये वी-को-पा परत, पण सकाळी सहाच्या वेळेला. टूसान या खेपेला वगळून पूर्ण मुक्काम फीनिक्सलगतच्या मेसाच्या बाजूला ठेवायचा विचार आहे, म्हणजे एकच घर आणि गाडीचा पल्लाही कमी. राय उतरून बर्म्युडा वर येण्याचा तो काळ असतो, काही कोर्सवर गवत ठिगळासारखं दिसतं, ते फोन करून विचारायचं राहिलंय.