चाळकेवाडीचा मुरूम

साताऱ्यात कुणी नवी ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालणारी रुंद टायरची सायकल, घेतली की पहिला फोन येतो, "कासला कधी जाऊ या?" माझं उत्तर ठरलेलं आहे. कासला फुलांच्या हंगामात बुकिंग करून जा, पायी हिंडा, गुडघ्यावर बसून सीतेची आसवं बघा. सायकल मात्र चाळकेवाडीला, ठोसेघरच्या पुढच्या पवनचक्क्यांच्या पठारावर काढा. कासला जाणारा यवतेश्वरचा घाट पायांना चांगला, पण तो सगळा डांबरी. वर गेल्यावर पठार जपून ठेवलेलं, आणि ते तसंच असायला हवं.

चाळकेवाडीला जायचं तर साताऱ्याच्या बोगद्याकडून सज्जनगडचा रस्ता धरायचा. गडाचा फाटा मागे पडला की बोरणे घाट लागतो. पहाटे निघालात तर या घाटात दुधाच्या गाड्या सोडल्या तर कुणी भेटत नाही. ठोसेघर साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. धबधब्याशी थांबायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी तिथे फक्त पाणी भरते, कारण माझं मन पुढच्या चढावर असतं. ठोसेघरच्या पुढे झाडी विरळ होत जाते, वारा कानांत शिरायला लागतो आणि पहिली पवनचक्की डोकं काढते.

इथून खरा मुरूम सुरू होतो. चाळकेवाडी ते वनकुसवडे हा सगळा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पवनचक्क्यांनी भरलेला आहे, आणि प्रत्येक चक्कीपर्यंत रस्ता आहे. हे रस्ते सायकलला इतके का मानवतात? चक्कीचं पातं लांबलचक आणि एकसंध. ते ट्रेलरवर आडवं टाकून वर आणायचं, मागून क्रेन आणायची, म्हणजे वळण मोठं आणि चढ बेताचा ठेवावाच लागतो. शिवाय हे रस्ते चक्कीच्या पायथ्याशी संपतात, पुढच्या गावाला जात नाहीत, म्हणून रहदारी जवळजवळ नाहीच. क्रेनसाठी केलेलं सगळं काम आज आपल्या चाकांखाली येतं. लाल जांभ्याचा मुरूम, मधे कुठेकुठे काळी खडी, दोन्ही बाजूंना मोकळा सडा. याहून चांगला ग्रॅव्हल मला सातारा जिल्ह्यात सापडलेला नाही.

माझ्या सायकलला ४२ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आहेत. डांबरावर थोडी जास्त हवा ठेवते आणि चाळकेवाडीत शिरताना दोन्ही चाकांतली कमी करून ३२-३३ पीएसआयवर आणते. जांभ्याला बारीक छिद्रं आणि त्यांना धारदार कडा असतात, म्हणून टायरची बाजूची भिंत जाड असलेली बरी. पुढे ४० दातांची एकच चकती, मागे ११ ते ४२. एवढ्यावर बोरणे घाटही निघतो. उतारावर सुट्या मुरमात वळताना ब्रेक दाबायचा नाही. वेग वळणाआधीच उतरवायचा, हात सैल सोडायचे आणि सायकलला तिची वाट शोधू द्यायची. हे माझ्या भाच्यानं मला शिकवलं. सायकलींच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा असतो.

वाट चुकायची शक्यता इथे फार. मोबाईलच्या नकाशावर पांढऱ्या रेघांचं जाळं दिसतं, पण निम्म्याहून जास्त रेघा एखाद्या चक्कीपाशी जाऊन थांबतात. मागे अशाच एका तिठ्यावर आम्ही दोघं नकाशा बघत उभे होतो. म्हसरं घेऊन चाललेले एक आबा थांबले.

"कुठनं आलाय गं?"

"साताऱ्यातनं, आबा. सडावाघापूरला जायचंय."

"मग ह्यो डाव्या हाताचा धरा. त्यो सरळ जातोय त्यो चक्कीपाशी मरतोय." मग सायकलीच्या चाकाकडे बघत म्हणाले, "आन् रस्त्यावरनंच जावा. परवा फटफटीवाली पोरं सड्यावरनं उधळली. चाकोरी पडली का पाण्याला तीच वाट घावती. मग तितं गवात येत न्हाय."

आबांनी जे सांगितलं ते प्रत्येक सायकलवाल्यानं पाठ करावं असं मला मनापासून वाटतं. सड्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. खाली सलग जांभा. ओल्या मातीतून एक टायर गेला तरी खाच पडते, पुढच्या पावसात ती रुंदावते आणि तिथली माती कड्यावरून खाली जाते. जून ते सप्टेंबर याच पातळ थरावर गवत, तेरडा, गेंद, सगळं उगवतं. वर म्हसरांचं पोट त्याच्यावर. तिथे शॉर्टकट नाही म्हणजे नाही.

आणि सरडे. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर गेलात तर रस्त्याकडेच्या दगडांवर नजर ठेवा. शेपूट सोडून बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा प्राणी दगडाच्या टोकावर चढून बसलेला असतो. आपण थांबलो की क्षणभर काही होत नाही. मग तो मान उचलतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो: चमकता निळा, त्याला लागून काळा, मग नारिंगी. मिटतो, पुन्हा उघडतो. मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला बजावायला. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ही जात वेगळी म्हणून नोंदवली, सरडा सुपर्बा, आणि त्या नोंदीत चाळकेवाडीचं नाव आहे. पुढे २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चक्क्यांच्या पट्ट्यात शिकारी पक्षी बिनचक्क्यांच्या भागापेक्षा जवळपास चौपट कमी, त्यामुळे सरडे जास्त, आणि डोक्यावरची भीती कमी झाल्यानं ते माणसाला अगदी जवळ येऊ देतात. सायकलवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. सरडा चाकासमोरून पळेलच असं धरून चालायचं नाही. उन्हाळ्यात या रस्त्यांवर मी उतारालाही सावकाश जाते आणि सोबत येणाऱ्यांनाही तेच सांगते.

वेगानं जायचं असेल तर दिवाळीच्या आसपास या. पावसानं मुरूम दाबून बसलेला असतो, धूळ अजून उठलेली नसते, गवत पिवळं पडत असतं. भर पावसात येऊ नका. धुक्यात दहा पावलांवरची चक्की दिसत नाही, नुसता पात्यांचा आवाज येतो, आणि धारेवर आडवा वारा सायकल ढकलतो. सडावाघापूरचा उलटा धबधबा त्याच वाऱ्यानं वर उडतो, यावरून काय ते समजा.

जंगलाची हौस असेल त्यांच्यासाठी सड्याच्या कडा आहेत. पठार संपून रस्ता खाली वळला की जांभूळ, हिरडा, अंजन आणि कारवीची दाटी सुरू होते. सावलीत पाचोळ्याखाली खड्डे लपतात, तेव्हा नजर पुढे लांब ठेवायची. गवा दिसला तर सायकलवरून उतरून उभं राहायचं, घंटी वाजवायची नाही, त्याची तो वाट काढतो. पलीकडच्या कोयना अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालू नये. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

सडावाघापूरहून तारळ्याकडे उतरलात की महामार्ग गाठता येतो, पण महामार्गावर सायकल चालवायला मला आवडत नाही. आम्ही भाकरी-पिठलं सोबत नेतो, सडावाघापूरला खातो आणि आल्या वाटेनं परततो. यंदा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ठरवलाय. यायचं असेल त्यांनी पहाटे साडेपाचला बोगद्यापाशी यावं. दिवा, जास्तीची ट्यूब आणि दोन लिटर पाणी ज्याचं त्यानं आणायचं, कारण ठोसेघरनंतर पंक्चरचं दुकान नाही.