बाकाला पाठ आहे का?

काल संध्याकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत एका बाकापाशी थांबलो, मागच्या बाजूने वाकून पाहिलं आणि फोनवर 'हो' दाबलं. "अहो, त्यात वाकून काय बघायचंय?" बायकोनं विचारलं. ती त्याच बाकावर छान टेकून बसली होती.

हा नाद स्ट्रीटकम्प्लीट नावाच्या अ‍ॅपनं लावला. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला नकाशा. कुणीही काढावा, कुणीही वापरावा. त्यात कुठे काय भरायचं राहिलंय ते हे अ‍ॅप हेरतं आणि तुम्ही जवळपास असलात की विचारतं. रस्ता डांबरी की फरशीचा? इमारत किती मजली? बाकाला पाठ आहे का? उत्तर दिलं की नकाशात जातं. २०१० साली हैतीत भूकंप झाला तेव्हा देशोदेशीच्या लोकांनी घरी बसून उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदतपथकं त्यावरून फिरली. त्याच नकाशात माझी भर म्हणजे सयाजीरावांनी १८७९ साली केलेल्या बागेतली सहा बाकं. खारीचा वाटा म्हणा. खारीही इथे भरपूर आहेत.

खरी गंमत झाली ती जुन्या गावात. पोळ म्हणजे आमच्या बडोद्यात घरांची दाटीवाटीची गल्ली, पुरणाशी तिचा संबंध नाही. नकाशात अशा दोन पोळी समोरासमोर येऊन थांबत होत्या. उपग्रहाला वरून छप्पर दिसलं, म्हणून कुणीतरी दोन्ही बंद करून टाकल्या होत्या. पण बायकोचं माहेर तिथलंच. एका घराच्या पोटातून बोळ आरपार जातो. समोरून माणूस आलं तर एकानं भिंतीला चिकटायचं. सायकल असली तर हँडल आधी तिरकं करायचं. लग्नाआधी त्या बोळातून मी काय कमी खेपा घातल्यात! मी रेघ जोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी जर्मनीतल्या कुणाचा तरी निरोप, इंग्रजीत, फार अदबीनं: चित्रात अखंड छप्पर दिसतंय, ही वाट नक्की आहे ना? मला जरा झोंबलंच. खेपांचा सगळा इतिहास लिहावासा वाटला, पण लिहिलं एवढंच की वर घर आहे, खालून वाट आहे. अर्ध्या तासात त्यानं माझ्या रेघेचे तीन तुकडे केले आणि मधल्याला 'बिल्डिंग पॅसेज' अशी खूण लावली. अशा बोळांसाठी तिथे वेगळी खूणच आहे. मला ती ठाऊक नव्हती आणि त्याला बोळ. शेवटी त्यानं आभार मानले, मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सासरेबुवांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, जर्मनीला काय करायचाय आमचा बोळ?

गेल्या आठवड्यात अ‍ॅपनं त्याच पोळीत विचारलं: इथे रात्री दिवे असतात का? रात्री मुद्दाम दोघं गेलो. खांब आहे, खांबाला दिवा आहे, दिवा लागत नाही. आता 'हो' म्हणू की 'नाही'?

"आधी लाइनमनला फोन करा," बायको म्हणाली, "जगाला मग सांगा."

फोन केलाय. तो प्रश्न अजून तसाच लटकलाय, दिव्यासारखा.