पंचवीस टक्के

रंगपंचमीला भाच्याने आमच्या नाशिकच्या रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदात, धप्पा मारला. त्याच्या मित्राने मोबाईलवर शूट केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवा होणार तेवढ्यात भाच्याचा मेसेज, मामा याचं रील करून दे ना, उडी भारी स्लोमोशनमध्ये पाहिजे, आधी फास्ट, मग हवेत एकदम स्लो, मग पाण्यात परत फास्ट. याला रॅम्प म्हणतात हे पण त्यानेच मला सांगितलं. चार लग्नांचे अल्बम एडिट केलेला मी घरातला एकमेव माणूस, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

बसलो. क्लिप टाइमलाइनवर टाकली, कापली, मधल्या तुकड्याचा स्पीड पंचवीस टक्के केला. प्ले केलं तर भाचा हवेत गचके खात खाली येतोय, पूर्वी एसटी घाटात गिअर बदलताना द्यायची तसे गचके. बरोबरच आहे म्हणा, मित्राने साध्या मोडवर घेतलंय, सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे तीस चित्रं. एका सेकंदाची उडी चार सेकंदांवर ताणली तर लागतात एकशेवीस, हातात आहेत तीस. उरलेल्या नव्वद आणायच्या कुठून. आधी एकशेवीसवर शूट केलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण रहाडीच्या काठावर चारशे माणसं एकमेकांना ढकलत असताना सेटिंग बघायला कोण थांबतंय.

मग सॉफ्टवेअरमधला तो ऑप्टिकल फ्लो लावला. म्हणजे मधल्या नव्वद फ्रेम ते स्वतःच्या मनाने बनवतं, हात इथे होता, पुढे तिथे आहे, म्हणजे मध्ये इथे असणार. भाचा हवेत आहे तोवर झकास, लोण्यासारखं. पण पाण्यात पडला आणि रंग उसळला की सगळी जेली. रंगाचा थेंब त्याच्या कानाला चिकटून कान लांब होतोय, मागच्या काकांचा चष्मा वितळून मिशीत उतरतोय. अंदाज चालतो, पण उसळणाऱ्या पाण्याचा अंदाज कोण बांधणार. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागणार हे दर पावसाळ्यात आख्खं नाशिक छातीठोक सांगतं, आणि दर वेळी मारुती आपल्या मनाप्रमाणे बुडतो.

जाऊ दे. पडायच्या आधीच स्लो संपवायचं असं ठरवलं आणि सहज चाळा म्हणून क्लिप उलटी केली. भाचा रंगातून कोरडा होत वर आला आणि काठावर जाऊन उभा राहिला.

आणि मला एकदम माझ्या मामाच्या लग्नाची कॅसेट आठवली. सुट्टीत आजोळी व्हीसीआर भाड्याने यायचा, चोवीस तासांचा हिशोब, त्यात तीन पिक्चर बसवायचे आणि उरलेल्या वेळात लग्न. लग्न सरळ बघण्यात आम्हा पोरांना काडीचा रस नव्हता, आम्हाला हवं असायचं उलटं. रिवाइंडचं बटण दाबून धरलं की पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या आणि गंमत सुरू. अक्षता डोक्यावरून उठून लोकांच्या मुठीत परत जायच्या. पंगतीत मामा तोंडातून आख्खी जिलबी काढून ताटात ठेवायचा. मामी त्याच्या गळ्यातला हार काढून घ्यायची आणि मग मामा मागे मागे चालत घोड्यावर, घोडा मागे मागे चालत गल्लीबाहेर, मोकळा. आजोबा ओरडायचे, हेड खराब होईल रे, पैसे कोण भरणार. मामा मात्र परवापरवापर्यंत म्हणायचा, तिथेच स्टॉप दाबायला काय झालं होतं तुम्हाला. मामी आतून भांडं आपटायची.

तसं बघितलं तर वेळेशी हा खेळ आपल्या जिल्ह्याला नवा नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुंडीत मटार पेरला आणि रोज कॅमेऱ्याने थोडं थोडं टिपत गेले, महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिट-दोन मिनिटांत. ते बघून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात शाळेची सहल जायची तेव्हा मला तिथलं कारंजं सोडून काही आठवत नाही, पण आता त्या मटाराचा विचार येतो. महिनाभर कुंडी तिथून हलवायची नाही, घरात पोरंबाळं. आमच्याकडे मोबाईलचा स्टँड दहा मिनिटं जागेवर राहत नाही.

माझा स्वतःचा स्वभाव उलटा आहे. मला स्लो सहनच होत नाही. लग्नाच्या व्हिडिओत नवरी पायऱ्या उतरतेय उतरतेय आणि गाणं संपलं तरी शेवटची पायरी येत नाही, तिथे माझा जीव जातो. रेसिपी दीडपटीने, बातम्या दीडपटीने, प्रवचन तर दुप्पट. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज दुप्पट करायची सोय आली तेव्हा मला कोणीतरी पगारवाढ दिल्यासारखं वाटलं होतं. आई नाशिकरोडला असते, टाइप करायचा तिला कंटाळा, त्यामुळे रोजचा एक मेसेज ठरलेला. भाजी काय आणली, शेजारच्यांचं काय झालं, तू जेवलास का. तीन मिनिटांचा मेसेज, दीड मिनिटात आई संपते. एवढ्यात मागे कुकरची शिट्टी झाली तर ती पण घाईत उरकते.

तर रॅम्प जमत नव्हता म्हणून वैतागून मोबाईल उचलला आणि आईचा मेसेज लावला. बोट नीट लागलं नसणार, साध्याच स्पीडने सुरू झाला. नातवाची उडी बघितली म्हणाली, छान मारली म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, तू पण असाच होतास, पायऱ्या दिसल्या की… परत थांबली. मला आधी वाटलं नेट अडकलं. कानाला लावून ऐकलं. नेट नव्हतं, श्वास होता. चार शब्द, एक श्वास. दुपटीत हे सगळं मिटून जातं, आई नुसती भराभर बोलणारी वाटते.

फोन केला. म्हटलं, आई दम लागतोय का गं? म्हणाली, छे रे, आत्ताच गच्चीवरून वाळवणं घेऊन खाली आले म्हणून.

पटलं. मग सहज वर सरकवत जुने मेसेज लावले, साध्या स्पीडने. होळीच्या आधीचा. त्याच्या आधीचा. एक संक्रांतीचा, तिळगूळ घेऊन जा सांगणारा. तिळगूळ म्हणताना मध्ये श्वास घेतलाय. संक्रांतीला कोण वाळवणं घालतं.

भाच्याला कळवलंय, रील उद्या नाही जमणार, परवा देतो. उद्या सकाळी नाशिकरोडला जाऊन येतो.