आईचे दोन

रविवारी दुपारी भाचीने स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायच्या खेळाचा, डबा काढला. वय बारा, माध्यम इंग्रजी, मामाबद्दल दयामाया शून्य. निम्मा डाव होईपर्यंत मी साठ गुणांनी मागे. तेवढ्यात तिने पटाच्या कोपऱ्यात दोनच सोंगट्या सरकवल्या. ए आणि आय.

"संक्षेप चालत नाहीत," मी म्हटलं. हल्ली ए आय म्हटलं की दुसरं काही सुचतंच कुठे?

"संक्षेप नाहीये मामा. आई आहे."

"मग मराठीही चालत नाही."

तिने शब्दकोश उघडून माझ्या नाकासमोर धरला. ए आय, उच्चारही थेट 'आई'. अर्थ, दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ. झाडाला उलटं लटकून पानं खायची, आठवड्यातून एकदा शौचापुरतं खाली उतरायचं, एवढाच दिनक्रम. नाव म्हणे त्याच्या ओरडण्यावरून पडलं. म्हणजे तोही कळवळला की आईच्याच नावाने ओरडतो. पलीकडे आमची आई मेथी निवडत होती, कुकरच्या शिट्ट्या मोजत होती आणि दळण आणायचं राहिलंय हे मला तिसऱ्यांदा सांगत होती.

डाव राहिला बाजूला, शब्दकोशात नातेवाईक शोधायचा नाद लागला. बाबा सापडले. रममध्ये भिजवलेला केक! आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नाही. काका म्हणजे न्यूझीलंडचा गोंगाट्या पोपट. इथे मात्र कोशकार आमच्याकडे दोन दिवस राहून गेला असावा. काकी हे जपानी फळ. हिमाचलात त्याला 'जपानी फळ'च म्हणतात. कच्चं खाल्लं तर तोंड तुरट करून टाकतं, पिकलं की मध. आमच्या काकी पंचाहत्तरीच्या आहेत, आम्ही वाट बघतोय. दादा ही १९१६ साली झुरिकमध्ये निघालेली कलाचळवळ. नाना म्हणजे आजी, आणि मामा म्हणजे चक्क आई. यावर भाची इतकी हसली की पटावरच्या सोंगट्या हलल्या. माझे साठ गुण त्यातच बुडाले, बरं झालं.

मग दोन अक्षरी शब्द. हा, ही, हे, तो, ती, ते, सहाच्या सहा चालतात. मी चालतो, पाश्चात्त्य सरगमातला तिसरा स्वर म्हणून. तू चालत नाही. यात काहीतरी गहन आहे असं दुपारी वाटलं होतं. आता लिहायला बसलो तर सापडत नाहीये.

आम्हाला इंग्रजी भेटलं ते पाचवीत. तेव्हा शब्दाला अर्थ एकच असायचा आणि त्याला चाल असायची. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पुढे-मागे डुलत घोकायचं. चुलीपाशी खरीखुरी मांजर असे. कॅट, रॅट, मॅट झालं तरी ती कान हलवायची नाही. "एच ए टी हॅट" म्हटलं की मात्र उठून चालू लागायची, कारण माझी आजी तिला 'हॅट' म्हणूनच हाकलायची. आईला इंग्रजीचा गंध नव्हता. पण मी एखादा शब्द गाळला की भाकरीची थाप थांबायची. "चटई राहिली," ती म्हणायची, आणि थाप पुन्हा सुरू.

"तुमचं काय चाललंय मघापासून, आई आई?" मेथी निवडता निवडता आईने विचारलं.

भाचीने सगळं सांगितलं. स्लॉथचं चित्रही दाखवलं.

"गुण किती आईला?"

"दोन."

मी सारवासारव करायला गेलो. हा खेळ काढणारे आल्फ्रेड बट्स हे न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार. त्यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून गुण ठरवले. जे अक्षर उठताबसता लागतं त्याला एक, क्वचित लागणाऱ्याला जास्त. ए काय, आय काय, सारखे लागतात गं.

आईने मेथीची एक काडी खुडली. "आणि काकीला?"

खरं तर बारा व्हायला हवेत, के-चे पाच-पाच. पण डब्यात के एकच. दुसऱ्या जागी कोरी सोंगटी लावावी लागते, तिचं शून्य.

"सात," मी म्हटलं.

"वाटलंच होतं," आई म्हणाली, आणि निवडलेली मेथी घेऊन आत गेली.