तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्या जुन्या संस्कृती नदीकाठीच का?

इतिहास शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. वर्गात पोरं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याकडे उत्तर आधीच तयार असतं, पाणी होतं, गाळ होता, होडीने माल नेता यायचा, झालं. चूक नाहीये त्यात काही. पण जगात नद्या काय चारच होत्या का हो? ॲमेझॉन होती, डॅन्यूब होती, आपली गोदावरी होती, पाणीही होतं आणि गाळही होता, मग पाच हजार वर्षांपूर्वी शहरं उभी राहिली ती दक्षिण इराकच्या, म्हणजे तेव्हाच्या सुमेरच्या, त्या रखरखीत मैदानात का, जिथे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १००-१५० मिलिमीटर, म्हणजे आमच्या जत-आटपाडीपेक्षाही कितीतरी कमी?

मी सांगतो ते असं, की नदी काय देते ते जरा बाजूला ठेवा आणि नदीला पूर कधी येतो ते बघा. सगळं टायमिंगवर आहे.

नाईलचं टायमिंग परफेक्ट. इथिओपियाच्या डोंगरात पावसाळा लागला की जून-जुलैत इजिप्तमध्ये पाणी चढायला लागायचं, सप्टेंबरच्या सुमाराला भर यायची, ऑक्टोबरात ओसरायचं, आणि ओसरलेल्या ओल्या काळ्या गाळात लोक गहू-सातू पेरायचे, मार्च-एप्रिलात काढणी. उन्हाळी पूर, हिवाळी पीक, दोघांची गाठच पडत नाही. मातीचे बांध घालून शेताचे मोठमोठे वाफे करायचे, पुराचं पाणी त्यात महिना-सव्वा महिना कोंडायचं आणि मग सोडून द्यायचं, जाताना ते जमिनीतले क्षारही धुऊन न्यायचं. इजिप्तच्या राजांना मुख्य काळजी एकच, यंदा पाणी किती चढणार, म्हणून दरवर्षीच्या पुराची उंची दगडावर कोरून ठेवायचे. रोमन लेखक प्लिनीने तर हिशोबच दिलाय, पूर १२ हात चढला तर उपासमार, १६ चढला तर आनंदीआनंद. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पुरं झालं आणि हा हजारो वर्षांचा क्रम थांबला.

आता इराकच्या मैदानातल्या दोन नद्या, तैग्रिस आणि युफ्रेटिस. यांचं पाणी तुर्कस्तानच्या डोंगरातला बर्फ वितळून येतं, म्हणजे पूर कधी, तर एप्रिल-मे. आणि सातूची काढणी कधी, तर तीही एप्रिल-मे! उलट ऑक्टोबरात पेरणीला पाणी पाहिजे तेव्हा नद्या वर्षातल्या सगळ्यात रोडावलेल्या. जेवणं उरकल्यावर पन्नास माणसं घेऊन दारात उभा राहणारा पाहुणा म्हणजे ही नदी. नुसतं काठावर बसून काहीच मिळत नाही इथे, वसंतातलं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांध, शरदातलं थोडकं पाणी लांबवर न्यायला कालवे, कालव्यात दरवर्षी गाळ साचणार तो उपसायला माणसं, त्या माणसांना खायला घालायला धान्य, धान्याचं कोठार, कोठाराचा हिशोब. सुमेरच्या उरुक शहरात सापडलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या लिखाणाच्या पाट्या, इ.स.पू. ३३००-३२०० च्या आसपासच्या, त्यात कविता वगैरे काही नाही, बहुतेक सगळ्या सातू, बिअर, मेंढ्या यांच्या नोंदी आहेत. स्टोअरकीपरचं रजिस्टर! मला तरी वाटतं की लेखन जन्माला आलं त्यात या अडेलतट्टू नद्यांचा वाटा मोठा आहे, त्या नाईलइतक्या सरळ असत्या तर इतकी कारकुनी कशाला लागली असती. इजिप्तमध्येही लेखन साधारण त्याच काळात आलं हे मला माहितेय, त्यामुळे पूर्ण श्रेय नदीला देत नाही.

आणि कालवा आला की भांडण आलं, हे ज्यांच्या शेतात पाटाचं पाणी येतं त्यांना सांगायला नको. उम्मा आणि लगाश ही सुमेरमधली दोन शेजारी शहरं, उम्मा वरच्या अंगाला, लगाश टेलला. मधल्या गुएदिन नावाच्या सुपीक पट्ट्यावरून आणि पाण्यावरून यांचं भांडण पिढ्यानपिढ्या चाललं. किश या तिसऱ्याच शहराच्या मेसिलिम राजाने मध्यस्थी करून हद्दीचा दगड रोवला, उम्मावाल्यांनी तो उपटला, लगाशच्या एअन्नातुम राजाने लढाई मारली आणि सातूची उधारी लादली, तिचं व्याज चढत चढत अशक्य आकड्याला गेलं, मग उम्माने हद्दीच्या कालव्याचं पाणीच वळवलं. हे सगळं लगाशच्या एन्तेमेना राजाने इ.स.पू. २४०० च्या सुमाराला मातीच्या शंकूवर लिहून ठेवलंय, अर्थात फक्त आपल्या बाजूने. कृष्णेच्या लवादाची कागदपत्रं चाळलेल्या माणसाला अजिबात परकं वाटणार नाही.

पुढे बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात (इ.स.पू. १७५० च्या आसपास) बांधाची कलमंच आहेत, तुझ्या आळशीपणाने बांध फुटला आणि दुसऱ्यांच्या रानात पाणी गेलं तर धान्य भरून दे, नसेल तर तुला आणि तुझ्या मालमत्तेला विकून ते पैसे लोकांत वाटले जातील. पण ४८ वं कलम माझं आवडतं. पुराने पीक गेलं किंवा पाण्याअभावी आलंच नाही, तर त्या वर्षी कर्जदाराने सावकाराला धान्य द्यायचं नाही आणि व्याजही माफ. कर्जमाफी, पावणेचार हजार वर्षांपूर्वीची!

आता त्या एन्तेमेनाकडे परत या, कारण खरी गंमत पुढे आहे. उम्माची कटकट नको म्हणून त्याने थेट तैग्रिसवरून मोठा कालवा आणला, पाणीच पाणी झालं. थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट ॲडम्स या अभ्यासकांनी १९५८ साली मांडलं की त्या भरमसाट पाण्यानेच भूजल वर आलं आणि जमीन क्षारपड व्हायला लागली. त्यांच्या हिशोबाने इ.स.पू. ३५०० ला दक्षिणेत गहू आणि सातू निम्मे-निम्मे होते, २१०० पर्यंत गहू जेमतेम दोन टक्के उरला, १७०० पर्यंत संपला, कारण सातू खार सोसतो, गहू नाही. नंतरच्या काही अभ्यासकांनी या आकड्यांवर शंका घेतलीय आणि सुमेर फक्त मिठाने बुडालं असं मीही म्हणणार नाही. पण मी सांगली जिल्ह्यातला माणूस आहे, मिरज-वाळव्याकडे आणि तिकडे शिरोळला ऊसाला पाणी पाजून पाजून पांढरी पडलेली रानं लहानपणापासून बघितलीत, त्यामुळे हे वाचताना मला कुठलाच पुरावा फार लागत नाही. आमच्याकडे आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून निचरा करतात. सुमेरवाले एक वर्षाआड रान पडीक टाकायचे, त्यात खोल मुळांची काटेरी झुडपं वाढायची आणि खालची ओल ओढून घ्यायची. साधा उपाय, पण राजाला कर जास्त पाहिजे असेल तर पडीक कोण ठेवू देतो.

यावर पुढचा प्रश्न येतोच, मग आपलं हडप्पाचं काय? तिथे माझं टायमिंगचं उत्तर पुरं पडत नाही, हे कबूल. सिंधूचा पूर उन्हाळा-पावसाळ्यात, पेरणी रब्बीची, म्हणजे नाईलसारखंच सोयीचं. पण राजस्थानातलं कालीबंगन आणि घग्गर नदीच्या काठची हडप्पा काळातली बाकीची गावं बघा. २०१७ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार सतलज साधारण ८००० वर्षांपूर्वीच घग्गरची ही वाट सोडून गेली होती आणि हडप्पाची शहरं वसली ती त्यानंतर तीन हजारांहून जास्त वर्षांनी! मोठी नदी निघून गेलेल्या सखल दरीत, जिथे पावसाळ्याचं पाणी यायचं, जमिनीखाली ओल होती आणि अंगावर येणाऱ्या पुराची भीती नव्हती. आणि जे खुद्द सिंधूच्या काठाशी राहिले त्या मोहेंजोदडोवाल्यांनी कच्च्या विटांचे प्रचंड ओटे उभारून त्यावर घरं बांधली, आणि नदी एवढी जवळ असून प्यायला मात्र शहरभर पक्क्या विटांच्या विहिरी पाडल्या, अभ्यासकांच्या अंदाजाने सातशेच्या आसपास.