किल्लारी ते उनकेश्वर: मराठवाड्यात जमिनीतली उष्णता मोजायला जाताना

मराठवाड्यात भूऔष्णिक ऊर्जेचा विषय निघाला की बोट थेट नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरच्या कुंडाकडे जातं. गरम पाणी आहे म्हणजे खाली आच आहे, आच आहे म्हणजे वीज होणार, असा हिशेब लोक मांडतात. तो का जुळत नाही, हे समजायला उनकेश्वरच्या आधी किल्लारीला जावं. या वृत्तांताचा क्रमही म्हणून तसाच ठेवला आहे.

किल्लारी औसा तालुक्यात आहे. लातूरहून औसा, लामजना असा रस्ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर इथे संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेतलं गेलं. त्यात वरचे ३३८ मीटर बेसॉल्टचे (लाव्हापासून झालेल्या काळ्या खडकाचे) थर लागले, त्याखाली साधारण ८ मीटरचा गाळाचा पातळ थर आणि मग पायाचा जुना, स्फटिकी खडक. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या भागातल्या बोअरांमध्ये तापमान मोजून जमिनीतून वर येणारा उष्णताप्रवाह काढला. तो चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॅट भरला. जगभरच्या खंडांची सरासरी ६५ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्या पायाखालचा खडक सरासरीपेक्षा थंड निघाला.

या एका आकड्यावरून पुढचं गणित कागदावर करता येतं. दख्खनच्या बेसॉल्टची उष्णतावाहकता सुमारे १.७ आणि ग्रॅनाइटी खडकाची २.८ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरा. ४३ ला १.७ ने भागलं की बेसॉल्टमध्ये दर किलोमीटरला २५ अंशांची वाढ मिळते, २.८ ने भागलं की खालच्या खडकात १५ अंशांची. वरचं सरासरी तापमान २८ अंश. बेसॉल्टच्या साधारण एक तृतीयांश किलोमीटरचे ८ अंश आणि उरलेल्या २.६६ किलोमीटरचे ४० अंश मिळवले, तर ३ किलोमीटरवर ७५ ते ८० अंश हाती येतात. इतकं खोल जाऊन इतकंच. लडाखच्या पुगा खोऱ्यात चारशे मीटरच्या आतल्या बोअरांतच शंभर अंशांच्या वरचं पाणी आणि वाफ लागली. तिथली वीजनिर्मितीची चर्चा मराठवाड्याला लावू नये.

किल्लारीत बघण्यासारखं वर फारसं काही नाही. पण ज्यांना स्वतः मोजमाप करायचं आहे त्यांनी या पट्ट्यातल्या शेतांकडे नीट बघावं, कारण खरी प्रयोगशाळा शेतातच आहे. पाचशे ते हजार फुटांची आटलेली किंवा सोडून दिलेली बोअर गावोगाव आहेत. सरकारी खर्चाशिवाय इतकी भोकं इथे आयती मिळतात. मात्र त्यातली मोजायला योग्य किती, हा वेगळा प्रश्न.

बोअर निवडताना पहिला प्रश्न एकच: "मामा, आत मोटार सोडलेली आहे का?" मोटार असेल तर ते बोअर सोडून द्या. चालू मोटार पाणी घुसळते आणि स्वतः गरम होते. बंद असली तरी पाइप आणि केबलच्या गर्दीत प्रोब (केबलला लावून खाली सोडायचा तापमापक) अडकतो. नुकतं घेतलेलं बोअरही चालत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने आतलं तापमान बिघडलेलं असतं आणि ते पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. आत पाणी हवंच. हवेच्या स्तंभात प्रोबला खडकाचं तापमान लवकर लागत नाही, शिवाय हवा वरखाली फिरते, त्यामुळे पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत मिळालेले आकडे टिपून घ्यायचे पण हिशेबात धरायचे नाहीत.

आपल्याकडे केसिंग फक्त कठीण खडक लागेपर्यंत टाकतात, खाली भोक उघडंच असतं. दोन लाव्हाथरांच्या मधला लाल मातीचा थर पाण्याने फुगतो, ढासळतो आणि बोअर बसतं. म्हणून प्रोबच्या आधी त्याच जाडीचं लोखंडी वजन दोरीला बांधून तळापर्यंत सोडून बघायचं. वजन जिथे थांबेल त्याच्या पाच मीटर वर आपली हद्द. वजन अडकलं तर दोरी जाते, प्रोब अडकला तर मोजणीच संपते.

मोजायचं ते खाली जाताना, वर येताना नाही, कारण केबल ओढली की पाणी ढवळतं. दर १० मीटरला थांबायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत, निदान दोन-तीन मिनिटं, केबलला हात लावायचा नाही. केबलवर खुणा आधीच घरी करून आणाव्यात. शेतकरी फुटांत बोलतो, आपली वही मीटरमध्ये असते, गोंधळ इथेच होतो. वरच्या २० ते ३० मीटरवर ऋतूंचा परिणाम असतो, तो भाग सोडावा. आता २०० मीटरच्या बोअरात ३० मीटरपासून तळापर्यंत अपेक्षित वाढ किती? दर किलोमीटरला २५ अंश धरले तर सव्वाचार अंश. अर्ध्या अंशाची चूक करणारा बाजारातला डिजिटल थर्मामीटर इथे निरुपयोगी आहे. प्लॅटिनम किंवा थर्मिस्टर प्रोब हवा आणि तो ०.०५ अंशाचा फरक दाखवणारा असावा.

आलेख काढल्यावर रेघ तिरकी आणि सरळ आली तर आनंद. बऱ्याचदा ती येत नाही. मध्येच पन्नास मीटर तापमान हलत नाही आणि पुढे एकदम उडी येते. याचा अर्थ त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खडकात फटी आहेत आणि एकीतून दुसरीकडे पाणी बोअरातून वर किंवा खाली वाहतंय. अशा बोअरावरून उष्णताप्रवाह काढू नये. भूजलाच्या अभ्यासकाला मात्र तोच आलेख सोन्यासारखा वाटेल. निघण्याआधी तोंडावर घट्ट टोपण बसवून, वर दगड ठेवून जायचं. उघड्या बोअरात लेकरं पडतात, हे इथे कुणाला सांगायला नको.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींवर काम करायचं असेल तर जिल्हा कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत ग्रामपंचायतीत द्या.

किल्लारीहून लातूरमार्गे नांदेड आणि नांदेडहून किनवट. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर किनवट स्टेशन आहे, वाटेत हिमायतनगर, सहस्रकुंड लागतं. सामान जास्त असेल तर नांदेडहूनच गाडी करावी. उनकेश्वरला मुक्कामाची सोय गृहीत धरू नये. किनवट किंवा माहूर बरं, माहूरला रेणुकामातेच्या यात्रेकरूंसाठी भक्तनिवास आहेत. यात्रेचे दिवस टाळा.

या रस्त्यावर जमीन बदलते. किनवट तालुक्यात बेसॉल्टची चादर विरळ होत संपते, खालचा ग्रॅनाइट-नाइस उघडा पडतो आणि पैनगंगेच्या अंगाने चुनखडक दिसू लागतो. गोदावरीच्या खोऱ्याला समांतर, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारे भ्रंश (खडक जिथे तुटून सरकलाय असे मोठे तडे) या भागात आहेत. उनकेश्वरचं कोडं यातूनच सुटतं. खाली खास तापलेला खडक नाही. पावसाचं पाणी फटींतून खोल जातं, तिथल्या साध्याच उष्णतेने तापतं आणि भ्रंशाच्या वाटेने थंड व्हायच्या आत वर येतं. समजा झऱ्याच्या मुखाशी ४२ अंश मिळाले, वरचं सरासरी तापमान २७ आणि वाढ दर किलोमीटरला २० अंश. मग पाणी किमान ७५० मीटर खोल जाऊन आलंय. वाटेत ते थोडं निवतंच, म्हणून प्रत्यक्ष खोली याहून जास्त.

गावात शरभंग ऋषींची आख्यायिका सांगतात आणि त्वचेच्या विकारांसाठी लोक इथे अंघोळीला येतात. त्यामुळे नमुना घ्यायचा तो पहाटे, पहिली अंघोळ व्हायच्या आधी. साबण आणि फुलं-दूध पडलेल्या कुंडातून नायट्रेट आणि फॉस्फेट येतं, मग लोक त्यावरून भलतेच निष्कर्ष काढतात. देवस्थानच्या मंडळींना आदल्या संध्याकाळी भेटून काय करणार ते सांगावं, चपला बाहेर काढाव्यात आणि कुंडात उतरायचं की नाही ते त्यांनाच विचारावं. तापमान कुंडाच्या मध्यावर नाही, पाणी जिथून उसळतं त्या फटीशी मोजायचं. पाच पावलांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

सामू (pH) आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजा. सामूच्या मीटरची प्रमाण द्रावणं बाटलीसकट दहा मिनिटं त्याच गरम पाण्यात ठेवून मग मीटर जुळवावा, नाहीतर थंड द्रावणावर जुळवलेला मीटर गरम पाण्यात खोटं बोलतो. बायकार्बोनेटचं मोजमापही तिथेच करा. बाटलीत वायू सुटून जातो, चुना तळाला बसतो आणि दोन दिवसांनी प्रयोगशाळेत कॅल्शियम कमी दिसतं. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून प्लास्टिकच्या दोन बाटल्यांत भरायचं, एक धातूंसाठी, एक क्लोराइड-सल्फेटसाठी. समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची) छोटी बाटली वेगळी, काठोकाठ भरलेली आणि बुडबुडा नसलेली, तिच्यात आम्ल कधीच नाही. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल लागतं, पण ते रेल्वेने नेऊ नका, नियमात बसत नाही. गाळलेला नमुना तसाच प्रयोगशाळेत द्या आणि आम्ल टाकून एक रात्र ठेवल्यावरच तपासायला सांगा.

प्रवाह मोजायला कुंडाच्या निकासावर ९० अंशांच्या कोनाच्या V आकाराच्या खाचेची फळी बसवता आली तर उत्तम. खाचेवर पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० असेल तर ४.४ लिटरच्या जवळपास. फळीच्या कडेने पाणी झिरपतं, तिथे ओली चिकणमाती दाबायची. फळी बसत नसेल तर वीस लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुंडाइतकेच नमुने जवळच्या थंड विहिरीचे, हापशाचे आणि पैनगंगेचे घ्या. पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून (वाळूतल्या मुख्य घटकावरून) खोलवरचं तापमान काढायचं प्रसिद्ध सूत्र असं: १३०९ भागिले (५.१९ वजा सिलिकाचा दहाच्या पायाचा लॉग), त्यातून २७३ वजा. सिलिका लिटरला ६० मिलिग्रॅम असेल तर उत्तर ११० अंश येतं. हे ऐकून वर्तमानपत्रात बातमी होते. हे सूत्र क्वार्ट्झसाठी (गारगोटीच्या खनिजासाठी) आहे. कमी तापमानाच्या पाण्यात सिलिकावर बहुधा चॅल्सेडनीचा (क्वार्ट्झच्याच अतिसूक्ष्म कणांच्या प्रकाराचा) ताबा असतो, त्याचं सूत्र १०३२ भागिले (४.६९ वजा लॉग), वजा २७३. त्याच ६० मिलिग्रॅमचं उत्तर ८१ अंश. आणि बेसॉल्टच्या विहिरीचं साधं थंड पाणीच ४० मिलिग्रॅम सिलिका बाळगून असतं, कारण बेसॉल्ट झिजताना ती सुटते. ते क्वार्ट्झच्या सूत्रात टाकलं तर शेतातली विहीरसुद्धा ९२ अंशांची ठरते! थंड विहिरीचा आकडा शेजारी नसेल तर गरम झऱ्याच्या सिलिकावर काही बोलू नये. सोडियम-पोटॅशियमची सूत्रं इथे आणखी बेभरवशाची, कारण इतक्या कमी तापमानात खडक आणि पाण्याचा समतोलच झालेला नसतो.

विजेबद्दल आमचं मत सरळ आहे. सेकंदाला एक लिटर पाणी दहा अंशांनी निवलं की ४२ किलोवॅट उष्णता मिळते, पण उन्हाळ्यात हवाच ४३ अंश असेल तर ४२ अंशांच्या पाण्याला उष्णता म्हणून काही किंमत नाही. शेजारच्या तेलंगणात, मणुगुरूजवळ, सिंगरेणी कोळसा कंपनीच्या क्षेत्रात बोअरातून येणाऱ्या याहून बऱ्याच गरम पाण्यावर प्रायोगिक संच बसवला गेला, तो २० किलोवॅटचा. ७० अंशांचं पाणी आणि ३५ अंशांची हवा धरली तर आदर्श कार्यक्षमताच १० टक्के, प्रत्यक्षात तिच्या निम्मी मिळाली तरी पुष्कळ. वसमतच्या हळदीच्या वाळवणीला ५५-६० अंशांची हवा लागते, तिलाही कुंडातलं पाणी पुरत नाही.

उपयोग दिसतो तो उलट्या दिशेने. दोन-तीन मीटर खाली जमीन वर्षभर २८ अंशांच्या आसपास राहते. मे महिन्यात दवाखान्याची, शाळेची किंवा फळं साठवण्याच्या खोलीची उष्णता तिथे टाकता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय भूऔष्णिक धोरणात अशा जमिनीशी जोडलेल्या उष्णता-पंपांनाही जागा आहे. अडचण काळ्या मातीची. ती वाळली की आकसते, भेगाळते आणि पाइपाला सोडून देते, उष्णता वाहायची थांबते. पाइप काळ्या मातीत पुरूच नये. खालच्या मुरमात न्यावा, किंवा उभ्या बोअरात सोडून भोवती बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि वाळूचं मिश्रण तळापासून वर भरत आणावं. वरून ओतलं की मध्ये पोकळी राहते. मुरूमही कोरडाच असेल तर ठिबकची एक नळी त्याच चरात टाकून ठेवा.

सगळे नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच खेपेत द्यावेत. अहवाल आला की आधी धन आणि ऋण आयनांचा (पाण्यातल्या विद्युतभारित कणांचा) ताळा बघा. फरक ५ टक्क्यांच्या आत नसेल तर सूत्रांत आकडे टाकू नका, पुन्हा तपासणी मागा.