कोणी बघत असलं की लागतो

गुरुवार, रात्री साडेअकरा.

आज कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात लागला. आणि मला राग आला.

दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहून ठेवतेय. तारीख, आणि पुढे आकडा: कितव्या वेळी लागला. 1, 3, 1, 1, 4, 2, 1. दुधाचा हिशोब महिनाअखेरीला जुळतो तरी, ह्याचा काही केल्या जुळत नाही. सूत्र सापडेल म्हणून शेजारी ‘गार’, ‘ऊन होतं’, ‘रात्री’ असंही लिहिलं, आणि एका तारखेपुढे नुसतंच ‘मेला’. त्या दिवशी मेला नव्हता. पाचव्या वेळी लागला.

मेला असता तर बरं, असं आता लिहायला हरकत नाही. मेलेल्या डिस्कचं काय करायचं ते मला येतं. 2019 च्या पुरात सीपीयू माळ्यावर सुखरूप राहिला आणि पूर ओसरल्यावर खाली घेताना हातातून सटकला. कोणाच्या, ते सोडा. हार्ड डिस्क गेली. दोन दिवस रडले, छापायच्या पत्रिकांची सगळी सेटिंगं पुन्हा केली, लेकाने, मनूने, ही 240 जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या धाटणीची डिस्क, बसवून दिली, विषय संपला. गेलं म्हणजे गेलं, त्यात वाद नसतो. हे असं नाही. हे सकाळी नसतं आणि सव्वादहाला असतं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत येतं, ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. योग्य ते निवडा, म्हणे. निवडायला आहे कोण? बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन बघावं तर यादीत एकटा डीव्हीडी ड्राइव्ह, ज्याचा ट्रे गेली चार वर्षं उघडत नाही. तो मात्र नेमाने हजर.

दुकानातला पोरगा आला. त्याच्यासमोर बटण दाबलं, लागला. पुन्हा दाबलं, लागला. पाच वेळा. “काकू, मस्त चाललाय की.” तरी घेऊन गेला, माझ्या तोंडाकडे बघून. तीन दिवस ठेवला. रॅम काढून खोडरबराने पुसली, ब्लोअर मारला, बायोसचा सेल बदलला. सेल नसणार हे मी आधीच म्हटलं होतं. सेल गेला की घड्याळ मागं पडतं, तारीख भलतीच दाखवतं, माझं घड्याळ मिनिटाला बरोबर आहे. “बदललेला बरा, काकू.” मग एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय. त्याच्याकडचा लावला, माझा लावला, दोन्हींवर चालला. 40 वेळा चालू-बंद केला, एकदाही अडला नाही म्हणाला. आणि जाता जाता, आता विंडोज 10 चा सपोर्ट पण बंद झालाय, नवीनच घ्या. मी म्हटलं, पत्रिका जुळवायचा जुना पेजमेकर आणि फॉन्टची किल्ली असलेलं डोंगल तुझ्या नवीनवर चालवून दाखव, मग घेते. हसला.

घरी आणला, दुसऱ्या दिवशी सकाळी काळा पडदा.

हे पेपर खाली न करता म्हणाले, “त्याला तरी कशाला त्रास दिलास.”

एवढंच. आवाज चढवून नाही, काही नाही. पण मी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या शोधून पोट भरते, मला तो ‘तरी’ दिसणारच. नुसतं ‘त्याला कशाला त्रास दिलास’ म्हटलं असतं तर प्रश्न झाला असता. ‘त्याला तरी’ म्हणजे बाकीच्यांना देऊन झालाय. म्हणजे यादी आहे, आणि हा तिच्यात शेवटचा.

दिवसभर तो शब्द कानात. पोळ्या लाटताना यादी केली मी पण. खांदा, जो डॉक्टरांच्या पायरीवर चढलं की वर जातो. दुखतंय म्हणून गेलेली बाई हात वर करून दाखवते आणि डॉक्टर म्हणतात, छान. मोरीचा नळ, जो प्लंबर आला की गळायचा थांबतो. वन्संच्या घरी त्या रात्री जे ऐकलं ते. ते इथे लिहिणार नाही. पण तेव्हाही मी एकटीच होते ऐकायला आणि सकाळी सगळे चहा पीत होते.

कांगावा. शाळेत असताना हा शब्द मला कांगारूचं काहीतरी वाटायचा. आमच्या घरात तो माझ्यासाठी राखीव आहे.

मोबाइलवर काळ्या पडद्याचे 14 फोटो आहेत. दाखवले ह्यांना. “हं.” खरंय, फोटो कुठल्याही काळ्या पडद्याचा असू शकतो. साक्षीदार मीच, फिर्यादी मीच, आणि समोरचा आरोपी कोर्टात शहाण्यासारखा वागतो.

मग मी तो बंदच करायचा नाही असं ठरवलं. अकरा दिवस चालू ठेवला. काम झालं की मॉनिटर बंद, खाली पंखा घुरघुरतोय. रात्री उठले की हिरवा दिवा बघून यायची. आजारी माणसाच्या खोलीत डोकवावं तसं. लग्नसराई, तीन पत्रिका, एक वास्तुशांत, दोन जावळं, आणि माझी सगळी अक्कल बटण न दाबण्यात. बाराव्या दिवशी दुपारी लाइट गेली. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला. ती दहा मिनिटं मी खुर्चीत हातावर हात ठेवून बसले होते. फाइली सेव्ह करून झाल्या होत्या, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

लाइट आली, काळा पडदा. हसूच आलं. म्हटलं, ये बाबा, तुझीच वाट बघत होते.

रात्री मनूचा फोन. त्याला आधी सगळं ऐकवलं, ‘तरी’सकट. तो म्हणाला, “आई, बाबांचं नंतर. रीस्टार्ट केल्यावर जातं का गं कधी?” आठवून बघितलं, नाही. बंद करून चालू केला तरच. म्हणाला, रीस्टार्टमध्ये डिस्कची वीज तुटत नाही, ती जागीच असते. बंद केलं की तिला नव्याने ओळख द्यावी लागते, आणि बायोस काही फार वेळ थांबत नाही. तेवढ्यात हूं म्हटलं नाही तर यादीत नाव नाही.

मग त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो, डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम, उघडायला लावला. तब्येत उत्तम, 96 टक्के, निळा चौकोन. बघ, म्हटलं, हीपण त्यांच्याच बाजूची. “खाली ये. सी-सेव्हनची ओळ वाच.” वाचली. शेवटी 2बी. मला ते फ्लॅटच्या नंबरासारखं वाटलं. तो सोळाच्या हिशोबातला आकडा असतो, 2बी म्हणजे 43. डिस्क आणि बोर्ड ह्यांच्यामध्ये वाटेत 43 वेळा मजकूर बिघडलाय. डिस्कच्या आत नाही, वाटेत. म्हणजे केबल.

43 वेळा. माझ्या वहीत नसलेल्या सुद्धा. कोणीतरी मोजत होतं.

“आता सांग, दुकानात आणि घरात फरक काय?”

म्हटलं, तिथेही विश्वास नाही, इथेही नाही.

“आई, वस्तूतला फरक.”

दुकानात सीपीयू टेबलावर आडवा होता, झाकण काढलेला. घरात उभा, झाकण लावून स्क्रू पिळलेला. आणि पोरगा घरी आला तेव्हा बटणाला हात लावायच्या आधी त्याने काय केलं होतं? झाकण काढलं होतं. मी फोनवर गप्प झाले. ज्याने ज्याने बघितलं त्याने उघडाच बघितला. बंद झाकणाचा सीपीयू फक्त माझ्या वाट्याला होता.

टॉर्च घेऊन बसले. एसएसडी डबल टेपने चिकटवलेली, तोंड बाहेरच्या बाजूला. 2019 मध्ये रात्रीच्या गाडीला निघायच्या आधी घाईघाईत मनूने चिकटवली होती, तात्पुरतं म्हणून. त्यात डिस्क बोर्डाला जोडणारी जुनी लाल साटा केबल, सरळ डोक्याची, अडकवायचा चाप नसलेली. झाकण लावलं की पत्रा तिच्या डोक्यावर दाबून बसतो आणि मान वाकडी होते. पत्र्याच्या आतल्या बाजूला घासून उमटलेली चार बोटं लांबीची रेघ होती. मी तिच्यावर बोट फिरवलं. फोटो नाही काढला. पुरे झाले फोटो.

आणि मी तरी काय करत होते? लागला नाही की झाकणाच्या कुशीत थाप मारायची. तिसऱ्या थापेला लागायचा. मला वाटायचं, घाबरतो.

आता गंमत. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना खुर्ची देऊन बसवलं. जुनीच केबल, झाकण लावलेलं, चारही स्क्रू पिळलेले, रात्रभर गार पडलेला. कारण सापडल्यावर निदान एकदा तरी अडावा माणसासमोर! बटण दाबलं. लागला. बंद केला, चहा होईपर्यंत थांबले, दाबलं. लागला. सात वेळा. सातव्या वेळी हे म्हणाले, “लागतोय की,” आणि मग जरा थांबून, “पण ती रेघ आहे खरी.”

ह्यावर काय बोलायचं? उठून घटाची तयारी करायला गेले. मार्गशीर्षातला गुरुवार जवळ आला होता.

काल हे फळं आणायला गेले होते. पिशवीत केळी, पेरू, सीताफळं, दोन सफरचंदं, एक ऊस उगाचच. आणि तळाशी, सीताफळाच्या खाली चेपलेली, साटा केबल. काटकोनी डोक्याची, चापाची. बरोबर तीच. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण मनूशी बोलताना माझा आवाज गल्लीला ऐकू जातो. मी पिशवी रिकामी केली, केबल टेबलावर ठेवली. तेही काही बोलले नाहीत. सीताफळं मात्र कच्ची निघाली, त्यावर दहा मिनिटं बोललो आम्ही.

केबल मीच बसवली. मनूने बजावलं होतं, एकदाच बसव आणि हात काढ, ह्या खोबण्या 50 वेळा काढ-घाल करण्याच्या हिशोबानेच बनवलेल्या असतात. मी आधीच 17 वेळा करून झालेय, लोकांना पटावं म्हणून. कट् असा आवाज आला. डिस्क काढून आतल्या बाजूला सरकवली, नवी टेप. म्हणजे तात्पुरतंच.

तर आज सकाळी पहिल्या फटक्यात लागला. आणि राग ह्याचा की ह्यातून काही सिद्ध होत नाही. तो 1 माझ्या वहीत आधीही होता. आठवडाभर लागेल, महिनाभर लागेल, आणि जे अडायचं थांबलं ते आधी अडत होतं हे कशावरून? सी-सेव्हनचा आकडाही कमी होत नाही म्हणे, केबल बदला नाही तर काही करा. तो जिथे आहे तिथेच राहतो, वाढला नाही म्हणजे झालं. 43. मला तो आता जरा आवडायला लागलाय.

सकाळी पडदा उजळला तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “लागला का?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा प्रश्न.

“लागला,” म्हटलं. जरा तुटकच म्हटलं. चहा घेऊन आले, पडद्याकडे बघून गेले.

जावळाचं प्रूफ आलंय, आजीचं नाव दोनदा पडलंय, उद्या बघते. आता बंद करते. वहीत आज लिहिलंय: 1, गार, झाकण लावून, 2बी.